शिनचॅन, शिझुका आणि शंभर टनी हातोडा : जपानी करमणुकीतला चावटपणा

पाणकावळा (धागाकर्ता)

शिनचॅन मुळात लहान मुलांसाठी नव्हताच, इथून सुरुवात केली तर पुढची निम्मी भांडणं वाचतील. योशितो उसुई यांनी तो १९९० साली फुताबाशा प्रकाशनाच्या 'वीकली मांगा अ‍ॅक्शन'मध्ये काढायला घेतला (मांगा म्हणजे जपानी कॉमिक्स). हे मोठ्यांचं, त्यातही पुरुषांचं साप्ताहिक. तो वाचक डोळ्यांसमोर ठेवून नोहारांच्या घराकडे बघा. हिरोशी पस्तिशीचा, कंपनीत मधल्या फळीतला, मोज्यांना वास आणि डोक्यावर घराचं ३२ वर्षांचं कर्ज. बायको मिसाए (हिंदी डबमधली मित्सी) २९ वर्षांची, सेल दिसला की धावणारी, दुपारी डुलकी काढणारी. आणि पाच वर्षांचं कार्टं, जे बापाच्या मनातलं चारचौघांत मोठ्याने बोलून दाखवतं. रस्त्यात तरुणी दिसली की 'तुम्हाला शिमला मिरची आवडते का?' विचारणारं पोर म्हणजे बायकांच्या मागे लागणाऱ्या बाप्यांची नक्कल. हसायचंय ते बाप्यांना.

एप्रिल १९९२ मध्ये टीव्ही आसाहीने मालिका आणली ती संध्याकाळी सातला. समोर मुलं. नक्कल कोणाची चाललीय हे त्यांना काय ठाऊक? त्यांना पोरगं आवडलं, आणि ते करतं तसं करावंसं वाटलं. तिकडच्या पालक-शिक्षक संघांच्या 'मुलांना दाखवू नये' छापाच्या याद्यांमध्ये शिनचॅन वर्षानुवर्षं होता तो यामुळे.

तर चावटपणा किती आहे हे मोजत बसण्यात मला फार अर्थ दिसत नाही. विनोद कोणावर आहे, फटका कोण मारतं आणि तो कोणत्या वेळी कोणासमोर लावलाय हे पाहिलं की बाई-पुरुषांचे साचे कुठे बसलेत ते कळतं. मूळ मांगा वाचणाऱ्यांनी भर घालावी. 'बॅन करा' आणि 'तुम्हाला विनोद कळत नाही' हे दोन्ही प्रतिसाद मिळाले असं समजून चालतो.

भोचक_भवानी

धागा आवडला. 'फटका कोण मारतं' यावर लिहिते, कारण सगळी गोम तिथे आहे.

जपानी विनोदाचा सांगाडा मान्झाईतून येतो. माइकसमोर दोघं. एक बोके, म्हणजे भलतंच बोलणारा. दुसरा त्सुक्कोमी, त्याला झापणारा. झापणं तोंडी असतं, टपलीचं असतं किंवा हारिसेनचं, म्हणजे घड्या घातलेल्या जाड कागदाच्या पंख्याचं. आवाज मोठा आणि लागत काही नाही. क्रम ठरलेला: बोके चुकतो, अर्धा क्षण सगळं थांबतं, मग टपली. त्या अर्ध्या क्षणात प्रेक्षकाला चूक उमगते आणि टपली पडली की हसायची परवानगी मिळते. टपली लवकर पडली तर चूक कळतच नाही. उशिरा पडली तर बोके खरंच तसं बोलला असं वाटून पोटात गोळा येतो.

चावट विनोदात हाच सांगाडा बाई-पुरुषांवर चढवलाय. पुरुष बोके, बाई त्सुक्कोमी. त्सुकासा होजो यांच्या 'सिटी हंटर'मध्ये (१९८५ पासून) र्यो साएबा दिसेल त्या सुंदर बाईवर झेप घेतो आणि त्याची जोडीदार काओरी '१०० टन' लिहिलेला हातोडा त्याच्या टाळक्यात घालते. ती चौकट नीट बघा. हातोडा आधीच्या चौकटीत कुठेच नव्हता, पुढच्या चौकटीतही नसतो. जमिनीत रुतलेला र्यो पान उलटेपर्यंत ठणठणीत. इजा उरत नाही म्हणून मार मनाला लागत नाही. पण त्याच न्यायाने त्याची झेपही उरत नाही! हातोडा बसला, हिशेब मिटला, पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. जिच्यावर झेप घेतली तिला काय वाटलं हे विचारायला चौकटच शिल्लक नसते.

दुसरी गोष्ट कमी बोलली जाते. बाई कायम त्सुक्कोमी असल्यामुळे तिला स्वतः येडेपणा करायला मिळत नाही. भडकणं हेच तिचं काम, मग भडकणं हाच तिचा स्वभाव ठरतो. 'तापट, पण आतून हळवी' नायिका इथून येते. लेखिका बाई असली म्हणून हे टळत नाही. रुमिको ताकाहाशींच्या 'रानमा'मधली (१९८७) अकाने बघा, बिचारी अर्धं आयुष्य मुठी आवळून उभी.

चिंगळी

म्हणजे मिसाए सारखी बडवत असते ती यातूनच? पण ती आपल्याकडे नुसती कजाग वाटते. विनोदी वाटतच नाही.

कात्रीवाले_काका

@चिंगळी, ती कजाग का वाटते ते सांगतो.

एक गॅग (विनोदी प्रसंग) म्हणजे साधारण तीन तुकडे. पहिल्यात शिनचॅन काहीतरी अंगविक्षेप करतो किंवा आईच्या अंगावर शेरा मारतो: बूड मोठं, छाती नाही, बद्धकोष्ठ. (मिसाएवरचे विनोद काढले तर ऐंशी टक्के शरीरावर आणि वयावर निघतील असं वाटावं, इतके आहेत.) दुसऱ्यात मिसाएचा चेहरा, तो अर्धा क्षण. तिसऱ्यात पोराच्या डोक्यावर टेंगूळ. मुलांच्या चॅनेलवर कात्री लागते ती पहिल्या तुकड्याला, कारण आक्षेपार्ह तो. तिसरा राहतो, कारण कथा पुढे न्यायला टेंगूळ लागतं. म्हणजे कारण गेलं आणि मार राहिला. प्रेक्षकाला दिसतं काय, तर बाई उगाचच पोराला चोपते. चावटपणा कापायला गेलो आणि 'आई म्हणजे आक्रस्ताळी' हा साचा दुप्पट घट्ट केला.

कात्री चालवायच्या पद्धती चार-पाचच आहेत. चित्र मोठं करून खालचा भाग चौकटीबाहेर ढकलायचा, धूसर करायचं, आधीचा शॉट गोठवून वर आवाज चालू ठेवायचा, संवाद बदलायचा, किंवा प्रसंगच उडवायचा. त्यातल्या त्यात संवाद बदलणं बरं, पण ओठांची हालचाल आणि पार्श्वसंगीताचा ठोका सांभाळावा लागतो. बदललेलं वाक्य अगदीच मवाळ झालं तर वरचाच घोळ होतो, साध्या वाक्याला एवढं मोठं टेंगूळ कसं? शरीरावरच्या शेऱ्याच्या जागी तितकंच आगाऊ पण दुसऱ्या विषयावरचं वाक्य घातलं तर गॅग तगतो. स्वयंपाकाची खोडी काढा, खर्चाची काढा. (यातही बाईच्या स्वयंपाकाचीच खोडी, हे दिसतंय मला.)

आपल्याकडे २००८ मध्ये मालिका बंद करायला लावली होती, पुढच्या वर्षी कात्री लागून परत आली. आणि मूळ जपानी मालिकेतही चड्डी सोडून करायचा तो कुप्रसिद्ध हत्तीचा नाच केव्हाच गेला, मारही कमी झाला. म्हणजे तिकडेही हात आखडता घेतलाय.

जुनी_पेटी

हे शिनचॅनपासून सुरू झालेलं नाही, म्हणून थोडी वंशावळ.

१९६८ मध्ये 'शोनेन जम्प' हे मुलग्यांचं मांगा नियतकालिक निघालं आणि त्याच वर्षी गो नागाई यांची 'हारेंची गाकुएन' त्यात सुरू झाली. शाळा, चाबरट मास्तर, मुलींचे स्कर्ट उडवणं. शाळाशाळांत मुलं तेच करायला लागली आणि पालक रस्त्यावर आले. पुढच्याच वर्षी मारुझेन पेट्रोलियमची टीव्हीवरची जाहिरात: गाडी भन्नाट वेगाने जाते, वाऱ्याने रोझा ओगावाचा पांढरा स्कर्ट उडतो, ती म्हणते 'ओ! मोरेत्सु'. विकायचंय पेट्रोल. मांगातल्या मुलांच्या खोडीला मोठ्यांच्या जाहिरातीने शिक्का मारून दिला.

त्याच काळात टीबीएसवर शनिवारी रात्री आठला 'हाचिजी दा यो! झेनइन शुगो' (१९६९ पासून). त्यात काटो चा हा विनोदवीर 'ताबू'च्या सुरावर, गुलाबी प्रकाशात, अंगावरचे कपडे सोडण्याची नक्कल करायचा आणि म्हणायचा, 'जराच हं'. पालक संतापले, पण ७ एप्रिल १९७३ चा भाग तोक्यो परिसरातल्या ५०.५ टक्के घरांत लागला होता. निम्मी घरं!

या दोन्ही गोष्टी 'अश्लील' म्हणून एकाच पोत्यात कोंबू नयेत. काटो चा स्वतःच्या अंगाची टर उडवतो, तिथे दुसरं कोणी ओढलं गेलेलं नाही. स्कर्ट उडवण्यात ज्याची टर उडते तो माणूस खेळात नाहीच. शिनचॅनमध्ये दोन्ही आहेत: स्वतःचं बूड दाखवून नाचणं पहिल्या घराण्यातलं, शिक्षिकेला लग्नावरून टोचणं दुसऱ्या. मात्सुझाका बाईंचं वय २४ आहे हो! ऐंशीच्या दशकात तिकडे पंचविशी उलटलेल्या अविवाहित मुलीला 'ख्रिसमस केक' म्हणत, २५ तारखेनंतर कोणी घेत नाही म्हणून. ते ठाऊक असेल तरच तिची घाई कळते.

सडेतोड_सदा

चालू द्या. जपानी बायकांना काही वाटत नाही आणि आपण इथे पदर खोचून बसलोय. त्यांची संस्कृती त्यांना लखलाभ. हे सगळे परदेशी चष्मे आहेत.

नऊवारी_निंजा

@सदाभाऊ, चष्मा जपानीच आहे, आणि जुना.

१९७५. हाउस कंपनीच्या शानमेन या झटपट नूडल्सची जाहिरात. बाई आणि छोटी मुलगी म्हणतात 'मी करणारी', पुरुष म्हणतो 'मी खाणारा'. आंतरराष्ट्रीय महिला वर्षाच्या निमित्ताने एकत्र आलेल्या जपानी बायकांच्या गटाने कंपनी गाठली, वृत्तपत्रांनी त्यांचीच चेष्टा केली, तरी दोनेक महिन्यांत जाहिरात उतरली. लक्षात घ्या, यात चावट काही नाही. सगळ्यात सोज्वळ साच्याला पहिला मोठा धक्का बसला.

अलीकडचं हवं असेल तर २८ सप्टेंबर २०१७. फुजी टीव्हीवर टनेल्स या जोडगोळीच्या कार्यक्रमाचा तिसाव्या वर्षाचा विशेष भाग. त्यात इशिबाशी ताकाआकी यांनी ऐंशीच्या दशकातलं 'होमोओदा होमोओ' हे पात्र पुन्हा आणलं: गालांवर निळसर दाढीची छाया, लाडिक बोलणं, आणि 'तू तसला का?' यावर सगळा हशा. तिकडच्या समलिंगी हक्क संघटनांनी निषेध केला आणि दुसऱ्याच दिवशी वाहिनीच्या अध्यक्षांनी माफी मागितली. पात्र तेच, नक्कल तीच. तीस वर्षांपूर्वी ज्यांना घरात गप्प बसून बघावं लागलं ते आता बोलायला मोकळे होते, एवढाच फरक.

त्याच वर्षी ३१ डिसेंबरला डाउनटाउन या विनोदी जोडीच्या 'हसाल तर मार खाल' कार्यक्रमात बेकी या टीव्ही कलाकार बाईला थाय बॉक्सरची लाथ बसली. कारण काय, तर तिचं जुनं प्रेमप्रकरण. पुरुष विनोदवीर हसले म्हणून मार खातात, बाई चारित्र्यावरून. मार तोच, पण हारिसेनचा खेळ तिथे उरला नाही, शिक्षाच झाली. एप्रिल २०२२ मध्ये प्रक्षेपण नीतिमत्तेची संस्था बीपीओ हिच्या युवा समितीने दुसऱ्याच्या वेदनेवर हसवणाऱ्या कार्यक्रमांबद्दल मत जाहीर केलं. त्यावर 'आता टीव्ही अळणी होणार' अशी ओरड तिकडेही झालीच.

आणि खुद्द विनोद करणाऱ्या बायका? 'सानजी नो हिरोइन' या त्रिकुटाने २०१९ मध्ये बायकांची विनोद स्पर्धा 'द डब्ल्यू' जिंकली. त्यातल्या फुकुदा माकी यांनी एप्रिल २०२१ मध्ये सांगून टाकलं की दिसण्यावरचे विनोद आम्ही सोडतोय. कारण धंद्याचं आहे: प्रेक्षक त्यावर हसेनासे झालेत. त्याआधी महिनाभरच तोक्यो ऑलिंपिकच्या समारंभाचे प्रमुख हिरोशी सासाकी यांना जावं लागलं होतं, जाड्या विनोदी अभिनेत्री नाओमी वातानाबे यांना डुक्कर करून 'ऑलिंपिग' म्हणायची कल्पना त्यांनी मांडली होती म्हणून. बाईच्या जाडीवर हमखास हशा, हे गणित मोडलं ते असं.

चिंगळी

निंजाताई, _/\_

शिझुकाचं काय मग? डोरेमॉन तर लहान मुलांचंच आहे ना, पहिल्यापासून?

भोचक_भवानी

हो, आणि म्हणून तिथे शिनचॅनचा बचाव लागू पडत नाही. डोरेमॉन शोगाकुकानच्या शाळकरी मासिकांत १९६९ च्या अखेरीस सुरू झाला, इयत्तेनुसार निघणारी मासिकं ती. 'कुठेही दार' उघडून नोबिता शिझुका आंघोळ करत असते तिथे पोचतो, ती ओरडते, पाणी उडतं, संपलं. गॅग म्हणून मोजला तर हा फार आळशी गॅग आहे. तिला त्यात करायला काही नाही आणि नोबिताच्या मनात वाईट नव्हतं म्हणून दोष कोणाचाच नाही. शिक्षासुद्धा नीट नाही. २०२० मध्ये जपानमध्येच सह्यांची मोहीम झाली, हे प्रसंग काढा म्हणून.

उडवायलाही सोपे आहेत, कारण कथेला काही धक्का लागत नाही. दार दुसरीकडे उघडा. वाघाच्या पिंजऱ्यात उघडा, नोबिताच्या सरांच्या घरी उघडा, उलट जास्त हसू येईल.

बाकी शिझुकाचा साचा त्यापेक्षा खोल आहे. तिला स्वतःची अशी आवड दिली आहे, व्हायोलिन, आणि ती ते भयंकर वाजवते. तिथे ती बोके आहे! पण तसे भाग थोडे. उरलेल्या वेळी ती मुलांच्या भांडणातली समजूतदार मुलगी आणि पुढे नोबिताचं बक्षीस.

लोणावळा_चिक्की

पालकांसाठी कामाचं कोणी लिहीत नाहीये म्हणून लिहितो. मांगा किंवा मालिका कोणासाठी आहे हे पाच मिनिटांत कळतं.

छापील मांगात कांजी (चिनी वळणाच्या) अक्षरांच्या बाजूला बारीक 'काना' लिपीत उच्चार दिलाय का बघा (फुरिगाना). सगळ्या शब्दांना असेल तर तो मुलामुलींच्या मासिकातला. नसेल किंवा तुरळक असेल तर बहुधा प्रौढ पुरुषांच्या किंवा बायकांच्या मासिकातला. भाषा येत नसली तरी हे डोळ्यांना दिसतं. मात्र फुरिगाना आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. 'शोनेन' म्हणजे दहा वर्षांचाही आणि सतरा वर्षांचाही, जम्पला दोघंही गिऱ्हाईक, म्हणून 'ड्रॅगन बॉल'मधला चावट म्हातारा मास्टर रोशी आणि तसलाच 'माय हीरो अ‍ॅकॅडेमिया'मधला मिनेता तिथेच आहेत.

मालिकेची मूळ वेळ बघा. जपानी वेळापत्रकात '२५:३०' असं दिसलं तर ती मध्यरात्र उलटून दीडची वेळ. या मध्यरात्रीच्या मालिका बहुतेक वेळा निर्मिती समिती (अनेक कंपन्यांचा गट) पैसे घालून काढते आणि डिस्क, पुस्तकं, बाहुल्या विकून वसूल करते. आंघोळीच्या प्रसंगात दाट वाफ किंवा कुठूनही आलेला पांढरा झोत दिसतो ना, तो प्रक्षेपणापुरता. डिस्कवर वाफ विरते, आणि ती विरावी म्हणूनच लोक डिस्क घेत. म्हणजे तो प्रसंग विनोदासाठी नाही, विक्रीसाठी आहे. कथेत तो कुठेही बसवला तरी चालतो यावरून ओळखा.

आपल्याकडे अ‍ॅपवर शिनचॅन, डोरेमॉन आणि रात्री दीडची मालिका एकाच ओळीत शेजारी शेजारी येतात. मूळ वेळ, मासिक, वय सगळं पुसलेलं. घोळ इथे होतो.

पाणकावळा (धागाकर्ता)

चिक्की, हेच हवं होतं. जागा बदलली की काय होतं याचं तिकडचं उदाहरण: ४ एप्रिल २०२२ च्या सकाळी 'निक्केई' या अर्थविषयक दैनिकात 'गेत्सुयोबी नो तावावा' या मांगाची पानभर जाहिरात. भरल्या अंगाची शाळकरी मुलगी, सोमवारी कामावर निघालेल्या पुरुषांना हुरूप यावा म्हणून. यूएन विमेन या संयुक्त राष्ट्रांच्या महिला संस्थेने निक्केईकडे निषेध नोंदवला. मांगा त्याच्या साप्ताहिकात चालूच होता, तिथे एवढं काही झालं नव्हतं.

उलटं उदाहरणही आहे. २०१९ मध्ये रक्तदानाच्या पोस्टरवर 'उझाकी-चॅन' ही मांगाची नायिका छातीसकट झळकली आणि वाद पेटला. फेब्रुवारी २०२० मध्ये रेड क्रॉसने तीच उझाकी पुन्हा घेतली, पण या वेळी चौकटींची छोटी गोष्ट होती, रक्तदानाबद्दल बोलणारी. वाद विझला. पात्र बदललं नाही, तिला करायला काम दिलं.

नऊवारी_निंजा

त्यावरून एक कसोटी सुचते. चावटपणा काढून बघा, मागे काय उरतं? नेटफ्लिक्सच्या २०२३ च्या 'वन पीस'मध्ये सांजीचं बाई दिसली की नाकातून रक्त येणं वगैरे नाही, नुसता गोडबोल्या आहे, तरी सांजी पुरता उरतो. कारण तो आचारी आहे, लढताना हात वापरत नाही, उपाशी माणूस दिसला की वैरी असला तरी जेवू घालतो. मिनेतामधून तेच काढा. चिकट गोळे फेकायची शक्ती तेवढी उरते.

भोचक_भवानी

:D

आणि साचे मोडायचे तर उपदेश लागत नाही, भूमिका बदलल्या की पुरतं. 'गिनतामा' या मांगात (२००३–२०१९) त्सुक्कोमी आहे शिनपाची, चश्मिष्ट मुलगा. नायिका कागुरा नाकात बोट घालते, ओकते, बकासुरासारखी खाते. 'गेक्कान शोजो नोझाकी-कुन'मध्ये धिप्पाड मुलगा मुलींसाठी प्रेमकथा काढतो, शाळेचा 'राजकुमार' म्हणून मुली जिच्या मागे असतात ती काशिमा मुलगी आहे. मुलीला भिंतीशी अडवून हात आपटायचा तो 'काबे-दोन' २०१४ मध्ये वर्षाच्या गाजलेल्या शब्दांत होता. नंतर त्याची टर मुलींच्या मांगांनीही उडवली.

सडेतोड_सदा

बरं बाबांनो, पटलं थोडं. गिनतामा पोराला लावू का? बारा वर्षांचा आहे.

लोणावळा_चिक्की

@सदाभाऊ, सुरुवातीचे दोन भाग सोडा, ते टीव्हीसाठी मुद्दाम जोडलेले आहेत आणि नवख्याला कोण कोण आहे ते कळत नाही. तिसऱ्यापासून लावा. शारीरिक विनोद भरपूर आहे, मुख्यतः पुरुषांच्या स्वतःच्या फजितीचा, आणि वेश्यावस्तीत घडणारं योशिवारा प्रकरण आहे. ते शंभराच्या पुढच्या भागांत येतं, तेव्हा शेजारी बसा. डब मिळाला तरी सबटायटल लावून बघा, शिनपाचीचं ओरडणं ठोक्यावर पडायला हवं.